वरचा व्ही, खालचा न्यू

(दृश्य: ठाणे, नौपाडा, गोखले रोड. संध्याकाळ. झेरॉक्सच्या दुकानात पोरांची गर्दी)

एप्रिलमधे ठाण्यात दोन सीझन एकदमच येतात, आंब्याच्या पेट्यांचा आणि ब्लॅक बुकचा. ब्लॅक बुक म्हणजे इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचा रिपोर्ट, काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. आत फॉन्ट कुठला? टाइम्स न्यू रोमन, बारा साइज, विषय संपला.

माझाही तोच होता. प्रोजेक्ट पाइपातल्या प्रवाहावर, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा) पानोपानी, आणि त्यात वर वेगाचा इंग्रजी व्ही गुणिले पाइपचा व्यास, खाली व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे चिकटपणाचा, ग्रीक न्यू. टाइम्सच्या तिरक्या अक्षरात हे दोघं जुळे भाऊ! व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी पेन काढलं, वरचा नि खालचा दोन्ही कॅन्सल केले, म्हणाले, "उरला फक्त व्यास, छान." मी पण हसलो, काय करणार.

टाइम्सला तरी काय बोलणार म्हणा. तो १९३२ साली लंडनच्या 'द टाइम्स' पेपरात आला, बातम्या छापायला. तिथे न्यूचं टेन्शन कोणाला असणार.

ते टेन्शन होतं डोनाल्ड कनूथला. स्टॅनफर्डचा प्रोफेसर. १९७७ मधे स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघून इतका वैतागला की छपाईची पानं मांडणारा टेक नावाचा प्रोग्रॅमच लिहायला बसला, पोरं हल्ली लाटेक लाटेक करतात ते त्याच्यावरच उभंय, आणि वर अक्षरंही स्वतःच काढली, कॉम्प्युटर मॉडर्न. त्यात व्हीचं बूड गोल आणि न्यूला खाली टोक. मला सगळ्यात भारी वाटतं ते घातांकाचं. मोठंच अक्षर बारीक करून वर चिकटवलं असं नाही केलं, १० पॉइंटचं वेगळं, ७ चं वेगळं, ५ चं वेगळं, आणि ५ वालं मुद्दाम रुंद नि दणकट, म्हणून तर घाताच्या डोक्यावरचा घातही वाचता येतो.

(क्लोजअप: लेझर प्रिंट, शेजारी तिचीच झेरॉक्स)

झेरॉक्सवाले काका मात्र यावर खूश नाहीत. या फॉन्टच्या उभ्या रेघा जाड, पण आडव्या अगदी केसासारख्या, टोनर कमी पडला की पहिल्या त्याच उडतात.

"हे बघ, तुझ्या ईचा सी झाला. थांब, कार्ट्रिज हलवून बघतो."