शहरबराजचे चाळीस दिवस

मंडळी, २७ एप्रिल ६३० रोजी राजधानी तेसिफोनमध्ये इराणचा बादशहा तिसरा अर्दशीर मारला गेला. गादीवर बसवला तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याच्या जागी सेनापती शहरबराज बसला आणि ९ जूनला त्याचाही मुडदा पडला. जुना इतिहासकार तबरी या कारकिर्दीचे चाळीस दिवस सांगतो. बोटांवर मोजले तर त्रेचाळीस भरतात.

हा माणूस लुंगासुंगा नव्हता. 'शहरबराज' हा किताब, अर्थ 'राज्याचा वराह'. घराणं मिहरान, म्हणजे सासानी राज्यातल्या (सासान हे तेव्हाचं इराणचं राजघराणं) बड्या सरदार घराण्यांपैकी एक. ६१३ मध्ये दमास्कस, ६१४ मध्ये जेरुसलेम, ६१९ मध्ये अलेक्झांड्रिया, असे त्याच्या फौजेचे विजय आहेत. ६२६ मध्ये तो बॉस्फरसच्या काठी चाल्सेडनला तळ ठोकून होता. समोर कॉन्स्टँटिनोपल दिसत होतं, पण सामुद्रधुनी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, आरमाराच्या ताब्यात होती आणि फौज पलीकडे नेता येईना.

मग दोन वर्षांत सगळं फिरलं. डिसेंबर ६२७ मध्ये निनवेजवळ बायझंटाइन सम्राट हेराक्लियसने इराणी सैन्य मोडलं आणि फेब्रुवारी ६२८ मध्ये इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याला त्याच्याच मुलाने, शेरोयेने, पदच्युत करून मारवलं. शेरोयेने आपले सतरा-अठरा भाऊही कापून काढले. या कत्तलीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. सासान घराण्याने चारशे वर्षं राज्य केलं ते रक्ताच्या हक्कावर, आणि त्या रक्ताचे पुरुष आता जवळपास उरलेच नाहीत. काही महिन्यांत शेरोये साथीत गेला, मागे राहिला लहानगा अर्दशीर. त्याला गादीवर बसवताना आपल्याला विचारलं नाही, ही शहरबराजची उघड तक्रार होती.

फौज अजून त्याच्याच हाताखाली होती. इजिप्त, सीरिया सोडण्याचा तेसिफोनचा हुकूम त्याने मानला नव्हता. जुलै ६२९ मध्ये कप्पदोकियातल्या अराबिस्सोस इथे तो हेराक्लियसला भेटला. सौदा असा: शहरबराजने जिंकलेले प्रांत रिकामे करायचे, हेराक्लियसने त्याला गादीसाठी पाठबळ द्यायचं. शहरबराजचा मुलगा निकेतासला पॅट्रिशियन हा बायझंटाइन सरदारकीचा मोठा किताब मिळाला, मुलगी निके हेराक्लियसच्या मुलाला देण्याचं ठरलं. जेरुसलेमहून इराण्यांनी नेलेला येशूचा क्रूसही मार्च ६३० मध्ये परत तिथे पोचला. माझ्या मते घात इथेच झाला. ज्या मुलखाच्या बळावर तो तेसिफोनला जुमानत नव्हता, तोच मुलूख त्याने गादीच्या मोबदल्यात देऊन टाकला.

राजधानीवर तो आला तो, तबरीच्या आकड्यानुसार, सहा हजार लोकांनिशी. वजीर मिहर-आदुर-गुश्नस्पने तटबंदी मजबूत करून ठेवली होती. शहरबराजने बाहेर दगडफेकी यंत्रं उभारली, पण तट काही पडेना. अखेर फितुरी. पहारेकऱ्यांचा प्रमुख नेव-खुस्रो आणि नीमरोज या दक्षिणेकडच्या मुलखाचा सेनापती नामदार-गुश्नस्प यांनी त्याला शहर मिळवून दिलं. आत शिरल्यावर त्याने काय करावं? बड्या असामींची मुंडकी उडवली, मालमत्ता जप्त केल्या. सहा हजारांच्या बळावर राजधानी धरायची तर याच लोकांची गरज होती, आणि त्यांनाच त्याने वैरी केलं. त्यातच उत्तरेकडच्या खजर टोळ्या आर्मेनियात घुसल्या. त्याने त्यांच्यावर पाठवलेल्या दहा हजारांच्या तुकडीचा पुरता पराभव झाला.

याआधी ५९० मध्ये याच मिहरान घराण्यातल्या बहराम चोबीनने गादी बळकावली होती. तो वर्षभर टिकला आणि त्याची पहिल्या व दुसऱ्या राजवर्षाची नाणी मिळतात. सासानी राजवर्ष नवरोजपासून, म्हणजे इराणी नववर्षदिनापासून, मोजत, म्हणून एवढ्याशा कारकिर्दीतही दोन आकडे येतात. ६३० मध्ये नवरोज १७ जूनला होता. शहरबराज आठ दिवस आधीच गेला, त्याला एकही नवरोज लाभला नाही. (हेच ३६५ दिवसांचं, लीप दिवस न धरणारं पंचांग मुंबईचे शहनशाही पारशी आजही पाळतात. त्यांचं नवं वर्ष आता ऑगस्टमध्ये येतं, आणि सनाची मोजणी ६३२ मध्ये गादीवर आलेल्या यज्दगर्दपासून होते.)

त्याचा शेवट तबरीने बारकाईने दिला आहे. बादशहा बाहेर निघाला की शाही पथकाचे स्वार दुतर्फा उभे राहत. अंगात चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला तलवार, हातात भाला. बादशहा समोर आला की प्रत्येकाने ढाल खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर ठेवायची आणि तिच्यावर कपाळ टेकायचं, असा हा घोड्यावर बसूनचा मुजरा. म्हणजे भालाईत माणूस बादशहापासून हातभर अंतरावर असणार, हे दरबारी रिवाजातच होतं! त्या दिवशी रांगेत इस्तख्रचा पुस-फर्रुख आणि त्याचे दोन भाऊ होते. शहरबराज समोर येताच पुस-फर्रुखने भाला खुपसला, मागोमाग भावांनी. तो घोड्यावरून कोसळला. पायाला दोरी बांधून प्रेत इकडून तिकडे फरफटत नेलं.

इस्तख्र हे फार्समधलं, सासान घराण्याच्या मूळ मुलखातलं गाव. तिथल्या माणसांना मिहरानी सरदार बादशहा म्हणून पचणं अवघडच. वयात आलेला वारस पुरुष समोर नव्हता, तेव्हा सरदारांनी खुस्रोची मुलगी बोरान हिला गादीवर बसवलं. तिने शहरबराजचा हुद्दा पुस-फर्रुखला दिला आणि वजिरीची वस्त्रंही त्यालाच.