कॅरमची पावडर आणि डेक्कन ट्रॅप

कॅरमवर आपण जी पावडर टाकतो ना, ती बोरिक पावडर, म्हणजे बोरिक अ‍ॅसिड. तेच समुद्रातही असतं, आणि जुना समुद्र किती आम्ल होता हे त्यावरून कळतं. लिटरमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम बोरॉन, आणि तिथे त्याची दोन रूपं, एक बोरिक अ‍ॅसिड, दुसरं बोरेट. पाणी आम्लाकडे झुकलं, म्हणजे पीएच घसरला, की बोरेट कमी होतं. आता गंमत बघा, बोरॉनचे आयसोटोप, म्हणजे वजनाने वेगळे अणू, दोन, 10 आणि 11, शंभरातले ऐंशी 11 चे, आणि हा जड 11 बोरिक अ‍ॅसिडमध्ये जास्त रमतो, हलका बोरेटमध्ये. फोरामिनिफेरा म्हणून एकपेशीय जीव आहेत, चुन्याचं कवच बांधणारे, ते मुख्यतः बोरेटच उचलतात. पीएच घसरला की बोरेटमधला 11 चा वाटा पण घसरतो आणि कवचात तशी नोंद होते. एवढंच. बाकी सगळी हमाली.

हमाली कसली, तर जुन्या मातीतून मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं, तांदूळ निवडतात तसं, फक्त इथे खडेच ठेवायचे असतात. मग चिकटलेली माती धुवायची, कारण मातीतही बोरॉन. काचेची भांडी तर बंदच, लॅबची काच म्हणजे बोरोसिलिकेट, नावातच चोर बसलाय, म्हणून सगळं टेफ्लॉन नाहीतर प्लास्टिक. हवेच्या फिल्टरमध्येसुद्धा काचेचे तंतू असतात, तेही बदलायचे.

हे सगळं कशाला, तर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या केससाठी. डायनासोर गेले, समुद्रातलेही कितीतरी जीव गेले, आणि संशयित दोन: मेक्सिकोत चिक्शुलुबला पडलेली उल्का आणि आपला डेक्कन ट्रॅप, म्हणजे सह्याद्रीचा हा काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला तो. 2019 मध्ये हेनेहन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या ख्युलहेमरबर्ग गुहेतल्या, उल्केनंतर लगेच साचलेल्या मातीच्या थरातली कवचं मोजली. बाकी ठिकाणी हा थर इतका पातळ असतो की पुरेशी कवचंच मिळत नाहीत, इथे तो जाड निघाला, नशीबच म्हणायचं. पीएच साधारण 0.25 ने पडलेला दिसला. ऐकायला चिल्लर वाटतं, पण पीएच लॉगमध्ये मोजतात, एक अंक खाली म्हणजे दहापट आम्ल, म्हणजे इथे आम्लपणा देणारे हायड्रोजन आयन जवळपास पाऊणपटीने वाढले. आणि हे पडणं उल्केनंतरचं, एकदम. लाव्हाने समुद्र आंबवला असता तर आधीपासून हळूहळू उतार दिसला असता, तसं काही नाही.

कुणी म्हणेल, तेव्हाच्या समुद्रातल्या बोरॉनमधलं 10 आणि 11 चं मूळ प्रमाण तुम्हाला काय माहीत? बरोबर आहे, म्हणून पीएचच्या नेमक्या आकड्यावर मी फार पैज लावणार नाही. पण बोरॉन समुद्रात कोटीभर वर्षं तरी टिकतो, थोडक्या काळात ते मूळ प्रमाण हलत नाही, त्यामुळे घसरण किती झाली त्यावर लावीन.

म्हणजे समुद्र आंबवून जीव मारल्याच्या आरोपातून आपला सह्याद्री बऱ्यापैकी सुटला. हवामान बिघडवल्याची दुसरी केस आहे, तिच्यात अजून तारखा पडतायत.