दयाळ आणि गॅनोडर्मा

श्रोतेहो, नमस्कार. मार्च लागला की आपल्या बडोद्यात, कमाटी बागेत आणि विश्वामित्रीच्या काठानं, दयाळ गायला लागतो. काळा-पांढरा नर उंच शेंड्यावर बसतो आणि पहाटेपासून शीळ घालतो. त्या शिळेत मादीला हाक असते, तशी शेजारच्या नराला ताकीदही असते: ही हद्द माझी.

आज त्याच्या शेजारी मी एका बुरशीला बसवणार आहे. पावसाळ्यात गुलमोहराच्या बुंध्याशी तांबूस-तपकिरी, लाखेचा हात दिल्यासारखी चकाकणारी अळंबी निघते ना, ती गॅनोडर्मा. आपल्याला दिसतं ते तिचं बीजाणू सोडणारं अंग तेवढं. बाकी सगळा पसारा लाकडाच्या आत, केसाहून बारीक तंतूंचा. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन पचवणं फार थोड्या जीवांना साधतं, हिला साधतं. ते संपलं की लाकूड पांढुरकं, भुसभुशीत होतं.

आणि हद्द? ती बुरशीही राखते. एकाच खोडात लाकूड कुजवणाऱ्या दोन बुरश्या समोरासमोर आल्या, की मध्ये काळी रेघ उमटते. लाकडाच्या वखारीत कापलेल्या ओंडक्यावर तुम्ही ती पाहिलीही असेल. दयाळ गळ्यानं सांगतो, बुरशी गडद रंगद्रव्यानं. मला हे साम्य विलक्षण वाटतं.

दोघांचं नातं तर याहूनही जवळचं आहे. दयाळाची चोच किडे टिपायची. लाकूड कोरणं तिचं काम नव्हे. त्याला ढोली आयतीच लागते. फांदी मोडते, जखमेतून गॅनोडर्माची एखादी भाऊबंद आत शिरते, गाभा मऊ पडतो. कधी तिथे तांबट पक्षी भोक पाडतो, कधी कुजूनच पोकळी होते. मग तिथे दयाळाची चार-पाच अंडी.

बुंधा कुजलेला गुलमोहर रस्त्याकडेला असेल तर तो काढायलाच हवा. वादळात तो मुळासकट आडवा होतो. पण सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे झाडाखाली कोणी थांबत नाही, तिथली ढोली सिमेंटनं बुजवू नका. त्यानं कुजणं थांबत नाही, पक्ष्याचं घर मात्र जातं. आणि मार्च ते जुलैमध्ये फांद्या छाटायच्याच असतील, तर आधी थोडा वेळ ढोलीवर नजर ठेवा. चोचीत किडा घेऊन कोणी आत शिरताना दिसलं, तर छाटणी महिनाभर पुढे ढकला.