फिरलेला चौरस

श्रोतेहो, नमस्कार.

हाताशी जुनं वर्तमानपत्र असेल तर त्यातून एक चौरस कापून घ्या. नसेल तर मनातच घ्या. आता त्याचे चारही कोपरे बरोबर मध्यबिंदूवर आणून दुमडा. हातात काय राहिलं? पुन्हा चौरसच, पण तिरका बसलेला, आणि क्षेत्रफळानं पहिल्याच्या निम्मा. निम्मा का, हे सांगायला सूत्र नको. कागद सगळीकडे दुहेरी झाला आहे, तेव्हा दुसरं काही असूच शकत नाही.

एवढ्याशा कृतीत आपल्या बेळगाव-विजापूरकडच्या मुलखातल्या जुन्या दगडी छतांचं मर्म आहे. वर्गात अनेक वर्षं भूमिती शिकवल्यावर मला ते कळलं, आणि तेही पुस्तकातून नाही, देवळाच्या मंडपात मान वर करून पाहताना.

अडचण कुठली होती ते आधी बघू. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही. दोन खांबांवर लांब शिळा आडवी टाकली की तिचा खालचा भाग ताणला जातो आणि ती मधोमध तडकते. लाकडी तुळईसारखी लवचीकता दगडात नाही. मग चार खांबांमधला खण झाकायचा कसा? समजा खण ८ फूट बाय ८ फूट आहे. तेवढी शिळा खाणीतून काढायची, आणायची, वर चढवायची, आणि तरी ती टिकेल याची खात्री नाही. कारागिरानं काय केलं, तर चार कोपऱ्यांवर चार त्रिकोणी दगड बसवले. मध्ये उरली ती तिरकी चौरस फट. आधी ६४ चौरस फूट उघडं होतं, आता ३२. त्यावर पुन्हा चार त्रिकोणी दगड, की उरले १६, म्हणजे ४ फूट बाय ४ फूट, आणि चौरस पुन्हा खांबांच्या रांगेशी समांतर. त्यावर कमळ कोरलेली एक शिळा ठेवली की छत पूर्ण. दोनच थरांत खणाची बाजू निम्मी झाली आणि एकही दगड फार लांब लागला नाही. चालुक्यांच्या आणि त्यांच्या नंतरच्या काळातल्या देवळांत हे छत पुनःपुन्हा भेटतं. पाहणारा बहुधा मधलं कमळ बघतो आणि पुढे जातो. मला विचाराल तर खरी करामत कमळाभोवतीच्या त्या साध्या त्रिकोणांत आहे.

आता जरा पाया आखण्याकडे जाऊ. आपल्याकडचा गवंडी आजही घराचा पाया आखताना टेप घेऊन एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४ मोजतो आणि तिरकं माप ५ येतं का बघतो. आलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात. मग दोन्ही कर्ण मोजतो, आणि ते सारखे निघाले तरच फक्की मारतो. हे ज्ञान फार जुनं आहे. यज्ञवेदी रचण्यासाठी लिहिलेल्या शुल्बसूत्रांत ते आहे. शुल्ब म्हणजे दोरी. चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस मूळच्या दुप्पट होतो, हे बौधायनानं स्पष्ट सांगितलं आहे. आपण मघाशी कागद दुमडला, तो हाच नियम उलट्या बाजूनं.

दिशाही दोरीनंच साधायची. जमिनीत सरळ खुंटी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. खानापूर तालुक्यात हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे. तिथे दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधल्या मंडपात उभं राहून एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघा. दोन देव एका रेषेत आणायचे तर पायाच्या वेळची ती पहिली रेषा किती नेमकी हवी, हे तिथे सांगावं लागत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती तर बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. बस्ती म्हणजे जैन देऊळ. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्यानं ती १२०४ साली बांधली. तिच्या छतातून जे दगडी कमळ खाली उमललं आहे, त्यावरूनच तिला हे नाव पडलं. त्याच्या पाकळ्या ७२ सांगतात : भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतले प्रत्येकी २४ तीर्थंकर. श्रद्धेनं ठरवलेला हा २४ चा आकडा भूमितीलाही फार सोयीचा आहे. वर्तुळाची त्रिज्या परिघावर बरोबर ६ वेळा बसते. त्या ६ भागांचे दोन-दोन केले की १२, त्यांचे पुन्हा दोन-दोन केले की २४. कोनमापक लागत नाही, दोरी पुरते.

हाच २४ गदग जिल्ह्यात डंबळच्या दोड्डबसप्पा देवळात भिंतीवर उतरला आहे. गाभाऱ्याचा बाहेरचा आराखडा २४ टोकांच्या ताऱ्यासारखा आहे. पाहिलं की वाटतं, हे आखलं कसं असेल? आखायला एकच चौरस हवा. मध्य तोच ठेवून तो १५ अंशांनी फिरवत न्यायचा. सहा चौरस, प्रत्येकाची चार टोकं, झाली २४. आणि गंमत अशी की बाहेर आलेला प्रत्येक कोपरा काटकोनच राहतो. म्हणजे भिंत एवढी गुंतागुंतीची दिसत असली तरी पाथरवटाच्या हातातला गुण्या प्रत्येक टोकाला लागू पडतो.

आणि मग विजापूर. महंमद आदिलशहाचा गोल घुमट, १६५६ चा. धर्म वेगळा, साहित्य वेगळं, बांधणी कमानीची, तरी अडचण तीच : खाली चौकोनी दालन, वर गोल छत. दालनाची एक बाजू आतून सुमारे ४१ मीटर, घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. इथेही एकमेकांवर ४५ अंशांत फिरलेले दोन चौरस आहेत. त्यांच्या बाजूंवर आठ कमानी उभ्या केल्या आहेत. त्या एकमेकींना छेदतात आणि मध्ये अष्टकोन तयार होतो. चौकोनापेक्षा अष्टकोन वर्तुळाच्या कितीतरी जवळचा, म्हणून त्यावर घुमट बसतो. कमानींचा आत झुकलेला भार घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला तोलून धरतो. सहलीला गेलेली मुलं वर जाऊन आवाजाचे प्रतिध्वनी मोजतात. मोजू देत, पण वर चढण्याआधी त्यांना दालनाच्या मध्यावर उभं करून त्या कमानी दाखवायलाच हव्यात.

आपल्या सीमाभागातल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्तुळाचा धडा आला की मुलांना एक दिवस किल्ल्यात, हलशीला किंवा देगावच्या देवळात न्या. संरक्षित वास्तूला खडू लावायचा नाही, हे आधी बजावून सांगा. मग शाळेच्या मैदानात परत येऊन एक खुंटी, एक दोरी आणि फक्की घ्या, आणि डंबळचा तारा आखायला लावा. त्रिज्येनं ६ भाग, मग १२, मग २४. पहिलं टोक सोडून पुढची सहा टोकं मोजायची, सहाव्याशी रेघ जोडायची, आणि असंच पुढे न्यायचं. चौथी रेघ पहिल्या टोकाशी येऊन मिळते आणि एक चौरस होतो. मग शेजारच्या टोकापासून पुन्हा तसंच, असे सहा चौरस. आखणी नेमकी असेल तर प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे गुण्यात बसतात. नाही बसले, तर फक्की पुसायची आणि दोरी ताणून पुन्हा सुरुवात करायची.

नमस्कार.