रुंदी एका रेषेची

(दृश्य: टेबलावर एका ताऱ्याच्या वर्णपटाची कागदावरची प्रत. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे रंगारंगांत पसरवलेला त्याचा प्रकाश. जांभळ्या टोकाला ही रुंद काळी रेषा दिसते ना, ती कॅल्शियमची. अभ्यासक तिला 'के' रेषा म्हणतात. अजून जवळ जाऊ. त्या काळ्याच्या बरोबर मधोमध एक उजळ रेघ आहे, नजर ठरल्याशिवाय न दिसणारी. भारतीय खगोलशास्त्रज्ञ वैनू बाप्पूंचं नाव जगभर झालं ते या रेघेच्या रुंदीमुळे.

आकाशात एखादा तारा मंद दिसतो. तो मुळातच मंद आहे, की तेजस्वी असून फार लांब आहे? नुसत्या बघण्यानं हे कळत नाही. कार्नेगी फेलोशिपवर बाप्पू कॅलिफोर्नियात गेले, तिथं खगोलशास्त्रज्ञ ओलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी सूर्यासारख्या आणि सूर्याहून थंड ताऱ्यांचे वर्णपट तपासले. १९५७ साली निष्कर्ष छापून आला. तारा जितका तेजस्वी, तितकी ही उजळ रेघ रुंद. तारा पिवळा असो वा तांबडा, नियम तोच. ताऱ्यांचं तेज 'प्रत' या मापात मोजतात. हा नियम तब्बल १५ प्रतींच्या फरकापर्यंत टिकतो, म्हणजे तेजात दहा लाख पटींचं अंतर! रेघ मोजा, खरं तेज कळेल. खरं तेज कळलं की ताऱ्याचं अंतरही काढता येतं. याला आजही विल्सन-बाप्पू परिणाम म्हणतात.

(दृश्य: जुनं छायाचित्र, वेधशाळेचा घुमट.)

बाप्पूंचा जन्म १९२७ चा, मद्रासचा. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत कामाला, त्यामुळे दुर्बीण घरच्यासारखीच. पुढे हार्वर्ड. तिथं १९४९ मध्ये एका फोटोत त्यांना अनोळखी धूमकेतू दिसला, आणि बार्ट बोक व गॉर्डन न्यूकर्क यांच्या नावांसोबत त्यांचंही नाव त्याला मिळालं.

अमेरिकेत राहिले असते तर जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणी हाताशी होत्या. ते परत आले. आधी उत्तर प्रदेशची वेधशाळा, जी पुढे वाराणसीहून नैनितालला हलली. १९६० पासून कोडाईकनाल. कोडाईकनाल सूर्याच्या अभ्यासाचं जुनं ठाणं. ताऱ्यांसाठी मात्र वेगळी, जास्त निरभ्र रात्रींची जागा हवी होती. ती तमिळनाडूतल्या जवादी डोंगरांत सापडली, कावलूरला. विषुववृत्तापासून अवघे साडेबारा अंश. दक्षिणेकडचा 'मित्र' हा तारा (अल्फा सेंटॉरी) इथं क्षितिजावर सोळा अंशांहून वर चढतो.

१९६८ मध्ये कावलूरला पहिली दुर्बीण लागली, ३८ सेंटिमीटरची, स्वतःच्या कार्यशाळेत बनवलेली. नंतर जर्मनीहून एक मीटरची आली, आणि १९७७ मध्ये युरेनसची कडी सापडली त्या रात्री कड्यांआड जाणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश लुकलुकल्याची नोंद तिनंही घेतली. पण बाप्पूंना मोठी दुर्बीण विकत घ्यायची नव्हती. ती इथंच घडवायची होती. त्यांच्या सगळ्या कामात मला हाच निर्णय सर्वांत मोठा वाटतो. कारण उपकरण घडवणारे हात तयार झाले, की त्यापुढची उपकरणंही तेच हात घडवतात.

(दृश्य: बंगळूरची प्रकाशिकी कार्यशाळा. काचेवर फिरणारं घासणी यंत्र.)

काच बाहेरून आली: झेरोडूर. थंडी-उन्हानं आकार जवळजवळ न बदलणारी. व्यास २.३४ मीटर, वजन सुमारे साडेतीन टन. तिचा आरसा करायचं काम ए. पी. जयराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरला केलं. घासायचं, थांबायचं, काच निवू द्यायची, तपासायचं, पुन्हा घासायचं. चूक मोजायची ती प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशांत, म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा इथं जास्त. जास्त घासलं गेलं तर काच परत भरून येत नाही. अशा कामाला महिने नव्हे, वर्षं लागतात.

दुर्बिणीचा पोलादी सांगाडा आपल्या पुणे जिल्ह्यात, वालचंदनगरला तयार झाला. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्यांनी ताऱ्यामागे रात्रभर, धक्का न लागता फिरणारं यंत्र उभं केलं.

१९७९ मध्ये बाप्पू आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये ग्रीसला संघाचं अधिवेशन भरलं, पण अध्यक्ष तिथं पोचू शकले नाहीत. १९ ऑगस्टला म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं. वय पंचावन्न. दुर्बीण अजून पुरी झाली नव्हती.

६ जानेवारी १९८६ रोजी तिला त्यांचं नाव देण्यात आलं.

(दृश्य: कावलूर, दिवसाची वेळ. घुमटाखाली आरसा बाहेर काढलेला.)

आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर काळानं मळतो. मग आरसा खाली उतरवतात, जुना थर धुऊन काढतात आणि नवा चढवतात. त्या मधल्या वेळात काच उघडी असते, बंगळूरला घासून झाली होती तशी.