बाभळीचे दरवाजे आणि तीन तारखा

श्रोतेहो, नमस्कार.

दोन राज्यांत नदीच्या पाण्यावरून तंटा झाला की आपण पहिल्यांदा विचारतो, कुणाच्या वाट्याला किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी? आज मी बोलणार आहे तारखेबद्दल, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या. पाणी किती, हा प्रश्न खराच. पण ते अडवायचं कधी आणि सोडायचं कधी, यावर शेतकऱ्याचं जास्त अडतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. राज्यघटनेचं कलम 262 आणि 1956 चा आंतरराज्य जलविवाद कायदा यांनुसार असे तंटे लवादाकडे जातात. गोदावरीसाठी 1969 साली न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला गेला, 1980 साली अंतिम निवाडा झाला. मधल्या काळात राज्यांनी आपसात करार केले. 6 ऑक्टोबर 1975 च्या करारात ठरलं, की पैठण, सिद्धेश्वर आणि निजामसागर या धरणांच्या खाली, पोचंपाड धरणापर्यंतच्या टापूत महाराष्ट्रानं नव्या प्रकल्पांसाठी 60 टीएमसीपर्यंत पाणी वापरावं.

आता बाभळी. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवरचा हा बंधारा. साठवण 2.74 टीएमसी. खाली तेलंगणात पोचंपाडचं धरण, म्हणजे श्रीरामसागर. त्याचा फुगवटा, म्हणजे धरणामागं पसरणारं पाणी, आपल्या हद्दीत शिरतो आणि बाभळीचा बंधारा नेमका त्या फुगवट्यात येतो. म्हणून आंध्र प्रदेशनं 2006 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. 2007 साली अंतरिम आदेश आला: बांधकाम करा, पण दरवाजे बसवू नका. दरवाजांविना बंधारा म्हणजे नुसते खांब, पाणी अडणार कशानं? 2010 च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बाभळीकडे निघाले, तेव्हा धर्माबादला त्यांना अटक झाली आणि तालुक्याचं नाव देशभर गेलं.

28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला. बाभळीमुळे आपलं भारी नुकसान होतं हे आंध्रला सिद्ध करता आलं नाही. बंधारा राहिला, सोबत तीन तारखा आल्या. नीट ऐका. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर, दरवाजे वर. 29 ऑक्टोबरला दरवाजे खाली. आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. पुन्हा सांगतो: 1 जुलैला उघडायचे, 29 ऑक्टोबरला पाडायचे, 1 मार्चला 0.6 टीएमसी सोडायचं. देखरेखीला तिघांची समिती: केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा एकेक प्रतिनिधी. आंध्रची जागा 2014 नंतर तेलंगणाकडे आली.

कागदावर हे समतोल दिसतं. नदीकाठी काय होतं? गोदावरीचं बहुतेक पाणी वाहतं ते जुलै ते सप्टेंबरात, आणि तेव्हा दरवाजे वर असतात. परतीचा पाऊस ऑक्टोबरात चांगला झाला, वरच्या विष्णुपुरी धरणातून विसर्ग चालू राहिला, तर 29 तारखेनंतरही बंधारा भरतो. पण पाऊस सप्टेंबरातच थांबला की पात्रात उरते बारीक धार. दरवाजे पाडले तरी अडवायला पाणीच नाही. हरभऱ्याची पेरणी नेमकी याच दिवसांत असते. मोटारीच्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल गाळात टेकतो आणि पाइपातून हवा येते.

जूनचंही तसंच. मृगात जोराचा पाऊस झाला, बंधाऱ्यात पाणी चढलं, तरी 1 जुलैला ते सोडावंच लागतं. पुढे जुलै-ऑगस्टात खंड पडला आणि सोयाबीन माना टाकू लागलं, तरी दरवाजे वरच.

    

आता 1 मार्चचं पाणी. एक टीएमसी म्हणजे 11,574 क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग सलग चोवीस तास. त्या हिशेबानं 0.6 टीएमसी म्हणजे जवळपास 7 हजार क्युसेक, पूर्ण एक दिवस. बाभळीच्या क्षमतेचा पाचवा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच. बंधारा भरलेला असेल तर हे झेपतं. अर्धाच भरला असेल तर हाच आकडा साठ्याच्या चव्वेचाळीस टक्क्यांवर जातो, आणि उन्हाळा अजून पुढेच असतो. शिवाय मार्चात खालचं पात्र कोरडं असतं, वाळू आधी स्वतः पाणी पिते. सोडलं तेवढं पोचंपाडला पोचत नाही. हे नुकसान दोन्ही राज्यांचं, आणि मला ते सगळ्यात जास्त खटकतं.

तारीख बदला, अशी मागणी बंधाऱ्याच्या काठावरून होते आणि ती रास्त आहे. माझं मत असं, की पोचंपाड भरून वाहू लागलं की दरवाजे पाडायला मुभा हवी, मग तो दिवस सप्टेंबरातला का असेना. ओसंडून गेलेलं पाणी तेलंगणाच्या त्या धरणालाही ठेवता येत नाही. पण समितीचं काम देखरेखीचं. तारखा न्यायालयाच्या आदेशात आहेत, त्या बदलायच्या तर न्यायालयातच जावं लागेल. जाताना सोबत दरवर्षीच्या नोंदी हव्यात: 29 ऑक्टोबरला पातळी किती होती, त्या आठवड्यात आवक किती झाली आणि पोचंपाडच्या सांडव्यावरून किती पाणी गेलं.

नमस्कार.