भाकरी का करपली, घोडा का अडला? : उडीपाशी दोन पायांवर उभा राहणारा तरणा घोडा

राम राम मंडळी!

सकाळचे साडेसहा वाजलेत. मागं साताऱ्याचा अजिंक्यतारा अजून धुक्यात आहे आणि बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघतीय. एवढ्या लवकर कॅमेरा का लावला ते शेवटी सांगते. आधी याला भेटा. हा पाखऱ्या. रंगानं कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर टिकली, मागचा एक पाय पांढरा. निम्मा मारवाडी जातीचा, उरलेला कशाचा ते विकणाऱ्यालाच ठाऊक. वय पाच, तेही दातांवरून, कारण बाजारातल्या घोड्याचा जन्मदाखला त्याच्या तोंडातच असतो.

गेल्या फेब्रुवारीत, त्या तिथं जांभळीखाली, दोन फुटांच्या उडीच्या अडथळ्यासमोर हा अडला. पाय रोवून उभा. मी टाच मारली, हा दोन पायांवर झाला. मी लगाम ओढला, हा आणखी वर गेला. पुढचं आठवतंय ते एवढंच, की आधी आभाळ दिसलं आणि मग याचं पोट. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. हा माझ्या अंगावर न पडता बाजूला पडला, म्हणून आज मी बोलतीय.

लहानपणी आपल्या सगळ्यांना एक कोडं घातलेलं असतं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच : फिरवलं नाही म्हणून! त्या सहा आठवड्यांत बसल्या बसल्या मी हे कोडं पुष्कळ घोळवलं. त्यातलं घोड्याचं उत्तर निम्मं तरी खरं आहे. सोमवार ते शनिवार जनावर खुंट्याला, पुढ्यात हरभऱ्याची चंदी आणि रविवारी एकदम खोगीर घालून उडीपुढं उभं. तरण्या घोड्याच्या अंगातलं ते बळ कुठून तरी बाहेर पडणारच. तुमचा घोडा असा उभा असेल तर उरलेला व्हिडिओ नंतर बघा, आधी त्याला रोज तासभर मोकळा फिरवा आणि चंदी निम्मी करा.

पण पाखऱ्या रोज फिरत होता. मग घोडं पेंड कुठं खात होतं?

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाला, दोन कानांच्या मधे पाण्याची बाटली फोड, परत उभा राहणार नाही. हे कुणी सांगितलं तर हसा आणि विषय बदला. वर गेलेला घोडा डोक्यावर फटका बसला की डोकं मागं झटकतो, आणि मागं झटकलं की उताणा. साधारण चारशे किलो वजन आहे ते. दुसरा सल्ला मात्र मी ऐकला होता, पडायच्या आधी पंधरा दिवस. एका जाणत्या माणसानं सांगितलं, तोंडात लगामाची कडक कडी घाल. मी घातली. आता तुम्हीच बघा काय झालं असेल. पुढं उडी, तोंडात दुखणारं लोखंड, मागून टाच, दोन्ही बाजूंना माझे पाय. घोड्याला मोकळी दिशा एकच उरते, वरची. तिकडं तो गेला.

आणि काटेरी लगामाचं नाव तर काढूच नका. आपल्याकडं अजून बाजारात टांगलेले दिसतात. १९६५ च्या सरकारी नियमांत ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी टोकं असलेले लगाम वापरायला बंदी आहे. कायदा सोडा, एकदा बोटानं चाचपून बघा तो काटा.

आता तोंडाकडं येऊ. (कॅमेरा जरा जवळ घे गं.) हे बघा, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे ही मोकळी हिरडी. लगामाची कडी इथं बसते. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांला पडून नवे येतात. पुढच्या दाढासुद्धा याच काळात बदलतात, त्यांच्यावरची दुधाची टोपी सैल होऊन हलत असते. म्हणजे आपण ज्या वयात घोड्याला लगाम शिकवतो, त्याच वयात त्याचं तोंड हुळहुळं असतं. त्यात वरच्या पहिल्या दाढेच्या पुढं काही घोड्यांना एक छोटा, कामाचा नसलेला दात येतो. त्याला वुल्फ टूथ म्हणतात. कडी त्यावर आपटली की घोडा मान झटकतो. पाखऱ्याला तो डाव्या बाजूला होता, शेंगदाण्याएवढा. आणि मी दोन महिने म्हणत होते, हा डावीकडं वळताना नाटकं करतो!

डॉक्टरांकडून माउथ गॅग (तोंड उघडं धरणारी चौकट) लावून तोंड बघून घ्या. हात घालून आपण बघायचं नाही, बोटं जातात. गावातले डॉक्टर बहुतेक गाई-म्हशी बघतात, त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारा.

पाठ मात्र तुम्ही स्वतः रोज बघू शकता. अंगठा असा कण्यापासून चार बोटं बाजूला ठेवायचा, आणि पिकला आंबा चाचपतो तेवढ्याच दाबानं मागं मागं न्यायचा. घोडा पाठ खाली सोडायला लागला, कान मागं टाकले, शेपूट फटकारलं, तर तिथं दुखतंय. खोगीर उतरवल्यावर घाम बघा. सगळीकडं ओलं आणि मधेच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली, तर तिथं खोगीर रुततंय. तरणा घोडा चार-सहा महिन्यांत अंगानं बदलतो, दिवाळीला बसलेलं खोगीर गुढीपाडव्याला बसेलच असं नाही. तंगाखालची, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखालची कातडी, खूर आणि नालसुद्धा बघून घ्या. उडीनंतर सगळा भार पुढच्या पायांवर येतो. आपल्याकडचा उन्हाळ्यातला मुरूम म्हणजे फरशीच. तिथं उतरताना पाय दुखला, की पुढच्या उडीला घोडा शहाणपणानं नाही म्हणतो.

पोटाचंही एक आहे. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी पळवला तर ते आम्ल वर उसळतं आणि जखमा होतात. म्हणून खोगीर घालायच्या आधी मी याला दोन मुठी लसूणघास टाकते. उसाच्या वाढ्यांवर घोडा पोसायचा प्रकार आपल्या भागात चालतो, तो मला पसंत नाही.

तर पाखऱ्याचा तो दात काढला. कडक कडी गेली, साधी जाड कडी आली. डावीकडची झटापट थांबली, मान सैल झाली. मी खूश. एप्रिलमधे परत उडीसमोर नेला आणि हा परत दोन पायांवर! या वेळी मी पडले नाही इतकंच.

उत्तर मिळालं ते मे महिन्यात, आणि ते मी शोधलंच नव्हतं. संध्याकाळी अंगणात घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार काका याला खरारा करत होते. रस्त्यानं वरात निघाली होती, हलगी कडाडली. आणि हा, पाठीवर कुणी नाही, समोर उडी नाही, दोरीला बांधलेला, तसाच उभा राहिला. खाली आला. परत उभा राहिला. तालावर! काकांच्या हातातला खरारा हातातच. मला म्हणाले, "ताई, हे नाचातलं घोडं हाय. ह्याला उभं ऱ्हायला शिकिवलंय."

मंडळी, वरातीत घोडा दोन पायांवर नाचवतात ते कसं? लगाम वर घट्ट धरायचा आणि त्याच वेळी टाच किंवा काठी लावायची. आता आठवा, उडीपाशी मी काय करत होते. घाबरून लगाम घट्ट धरायचे आणि वर टाच मारायचे. मी म्हणत होते उडी मार, त्याला ऐकू येत होतं नाच. बिचारा सांगितलेलं काम चोख करत होता आणि वर मारही खात होता.

तुमचा घोडा नाचातला नसेलही. तरी घट्ट लगाम आणि टाच एकाच वेळी, हे कुठल्याही घोड्याला कळत नाही. थांबू की जाऊ?

आता घोडा उभा राहिलाच तर काय करायचं. वर जायच्या आधी तो सांगतो. चाल आखूड होते, पुढून हलका लागतो, मान आकसते, एक पाऊल मागं टाकतो. त्या क्षणी एक हात सैल सोडा आणि दुसऱ्या हातानं त्याचं तोंड तुमच्या गुडघ्याकडं वळवा. पाठीमागचे पाय बाजूला टाकावे लागले की त्याला वर जाता येत नाही. छोटा गोल फिरवा आणि पुढं काढा. वर गेलाच, तर लगाम पूर्ण सोडा, पुढं वाका, आयाळ धरा, मान मिठीत घ्या. लगामाला लोंबकळून तोल सांभाळायला गेलात तर त्याला तुम्हीच उताणा पाडाल. आणि तो मागं कलंडतोय असं वाटलं तर पाय रिकिबीतून काढून बाजूला घसरा. हेल्मेट नसेल तर यातलं काहीच करू नका, बसूच नका.

जुनी माणसं म्हणतात, उतरलात की घोडा जिंकला. मला हे पटत नाही. मांड डळमळली असेल, हात थरथरत असतील, तर उतरा. खाली उभं राहून त्याला दहा मिनिटं पुढं चालवा, थांबवा, मागं सरकवा, मग सोडा. त्याला काम टळलं असं वाटू नये, एवढं बघितलं की झालं.

पाखऱ्याला आम्ही तीन आठवडे पाठीवर न बसता शिकवलं. "चल" म्हटलं की पुढं, मागं बरगडीपाशी काठीचा नुसता स्पर्श, पाऊल पडलं की दोरी सैल. नवीन खूण, नवीन शब्द. जुनी खूण मोडत बसण्यापेक्षा ती वापरायचीच नाही असं ठरवलं. मग खोगीर, मग मी. दोन्ही टाचा एकदम लावायच्या नाहीत, हे मला शिकायला त्याच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

उडी शून्यापासून. हे बघा, जमिनीवर चार बांबू, एकमेकांपासून सव्वा मीटरवर. यावरून दुडक्या चालीनं जायचं, मान सैल. याची पावलं लहान आहेत, मोठ्या घोड्याला अंतर थोडं वाढवा. ते कंटाळवाणं झालं की शेवटी फुलीसारखे दोन बांबू, मधे फूटभर उंच. आठवड्यातून दोनदाच, आणि दहा-बारा उड्यांच्या वर नाही. पाठीच्या कण्याची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, गडबड कशाची आहे? अडला तर तोंड उडीकडंच ठेवा, उंची इतकी कमी करा की उभ्या उभ्या पाय टाकून पलीकडं जाईल. डावीकडं पळाला तर उजवीकडून वळवून आणा. पुढं एखादा जुना, शांत घोडा असला तर निम्मं काम तोच करतो.

एक गंमत राहिली. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला, त्यामुळं त्याला जवळजवळ गोल फिरून सगळं दिसतं, पण कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. उडी मारताना शेवटच्या क्षणी बांबू त्याच्या नजरेआड जातो. म्हणून चार-पाच ढांगा आधी तो डोकं वर करून अंदाज घेतो, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याचं डोकं खाली ओढतो! शिवाय त्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. आपल्या तांबड्या मुरमावर लाल रंगवलेला बांबू म्हणजे त्याच्या दृष्टीनं काहीच नाही. इंग्लंडात शर्यतीच्या अडथळ्यांवर केशरी रंग असायचा. घोड्यांना पांढरा जास्त स्पष्ट दिसतो असं अभ्यासात आढळल्यावर २०२२ मध्ये तो बदलायचं ठरलं. मी चुन्याचा डबा आणला, काम झालं. आणि उडीच्या अलीकडं फूटभरावर एक बांबू जमिनीवर ठेवा, पाय कुठून उचलायचा ते त्याला कळतं.

(आता बघा हं. चल, पाखऱ्या. चल... शाब्बास! हातात काही नाही, बघा, दोरी सैल.)

दोन फुटांवर परत यायला आम्हाला चार महिने लागले. हलगीचं मात्र पूर्ण गेलेलं नाही. खाताना मोबाईलवर लांबून हलगी लावायची, रोज थोडी जवळ आणायची, असं करून आता तो नुसते कान टवकारतो, कधी एखादा पाय उचलतो. पण रस्त्यावर खरी वरात आली तर मी खात्री देणार नाही. तुळशीची लग्नं उरकली, लग्नसराई सुरू झाली. पलीकडच्या मंगल कार्यालयात आज दुपारचा मुहूर्त आहे, अकरा वाजल्यापासून वाजंत्री. म्हणून शूटिंग एवढ्या सकाळी. दहाच्या आत याला पागेत घेणार, पुढ्यात गवत टाकणार, आणि वाजंत्री संपेपर्यंत काका नाहीतर मी दाराशी बसणार.